खड्ड्याचा भाव

मुंबईत भर रस्त्यात गणपतीचा मंडप घालायचा, तर महापालिकेचा परवाना लागतो. बांबू रोवण्यासाठी रस्ता खणला, की दर खड्ड्यामागे दंड. २०२५ मध्ये पालिकेने हा दंड २ हजारांवरून १५ हजार रुपयांवर नेला. मंडळांनी ओरड केली आणि गणपती बसण्याआधीच तो पुन्हा २ हजारांवर आला!

उत्सव लोकांचा, हे खरेच. पण रस्ता कुणाचा? वाहतुकीला अडथळा होईल अशा मंडपांना परवानगी देऊ नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच बजावले आहे. रुग्णवाहिका अडते, म्हातारीकोतारी ठेचकाळतात, त्यांचे मंडळ नसते. घासाघीस करून कमी होते ती वर्गणी. दंडाचेही तसेच होऊ लागले, तर परवान्याच्या कागदाला विचारतो कोण?