पाणी पायरीला लागण्याआधी

‘२००५ ला पाणी आपल्या पायरीपर्यंत आलं नि परत गेलं, आताही जाईल!’ कृष्णाकाठच्या घरांत असा हिशेब नेहमी मांडला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र हा हिशेब चुकला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे २००५ च्याही वर.

मैत्रिणींनो, या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पण दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, काकानगर अशा सखल भागांत पाणी त्याआधीच शिरू लागतं. शिवाय आपल्या अंगणात ऊन असलं तरी वर कोयनेच्या खोऱ्यात धो धो कोसळत असतो. म्हणून आभाळाकडे नाही, पुलावरच्या आकड्याकडे आणि धरणाच्या विसर्गाकडे बघायचं.

निघायला उशीर का होतो? बऱ्याचदा आपल्यामुळेच! म्हैस कुणाच्या भरवशावर सोडायची, धान्याच्या कणगीचं काय, सासूबाई उंबरा सोडायला तयार नाहीत. या काळज्या खोट्या नाहीत. पण उशिरा निघालं की नावेशिवाय वाट उरत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला तेच घडलं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली नाव उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, तान्ही लेकरंही होती. रस्ता कोरडा असताना ट्रॅक्टरमधून निघणं आणि पुराच्या धारेतून नावेत बसणं, यात जीवाचा फरक आहे.

तेव्हा जनावरं आधी हलवा, इशारा पातळीची वाट न बघता. उंचावरच्या पाहुण्यांशी मे महिन्यातच बोलून ठेवा. ऐनवेळी फोन लागेलच असं नाही. रेशन कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एकाच जागी ठेवा. सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या घ्या. आणि हो, सॅनिटरी पॅड! निवारा केंद्रात ते मागायला आपणच लाजतो, मग दोन पाकिटं आपल्याच पिशवीत बरी. दागिने अंगावर मिरवत जाऊ नका, आतल्या कनवटीला बांधा.

निघताना मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. गोठ्यात एखादं जनावर मागे राहिलंच, तर निदान त्याचं दावं तरी सोडा.