कडा कोरणारी कॉइल

पडद्यावरच्या चित्राकडे चोखंदळपणे बघणं कोल्हापूरला नवं नाही. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला, 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनीही इथेच उभी राहिली. त्यामुळे जुना काचेचा टीव्ही जपणाऱ्या इथल्या हौशी माणसाला नटाच्या चेहऱ्याभोवती पेनाने ओढल्यासारखी रेघ खटकली, तर नवल नाही.

ही करामत बहुधा वेलॉसिटी मॉड्युलेशनची, म्हणजे ‘व्हीएम’ची असते. पिक्चर ट्यूबच्या मानेवर, किरण वळवणाऱ्या योकच्या मागे एक छोटी कॉइल बसवलेली असते. चित्रात काळ्याचं पांढरं होतं तिथे ती इलेक्ट्रॉन किरणाचा पडद्यावरून सरकण्याचा वेग बदलते. किरण रेंगाळला तिथे उजेड वाढतो, पळाला तिथे कमी होतो आणि कड धारदार भासते. चित्रात नवा तपशील एकही येत नाही! दुकानात ओळीने मांडलेल्या टीव्हींत ही धार गिऱ्हाइकाला भुलवायची. घरी बारीक अक्षरांचा आकार मात्र बिघडतो.

आधी मेनू पाहावा. सोनीच्या बऱ्याच ट्रिनिट्रॉन टीव्हींत सर्व्हिस मेनूमध्येच व्हीएम कमी करता येतं. जुना आकडा लिहून ठेवल्याशिवाय तिथे काही बदलू नये.

मेनूत सोय नसेल तर मागचं झाकण काढावं लागतं आणि हे काम जाणत्या मेकॅनिकचंच. 21 इंची रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर सुमारे 25 हजार व्होल्ट असतात. वायर सॉकेटमधून काढली तरी ट्यूब चार्ज धरून ठेवते. एकदा उतरवलेला चार्ज थोड्या वेळाने पुन्हा थोडा जमतो. तो ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेच्या वेणीवर उतरवतात, पीसीबीवर नाही. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावरचा मोठा कपॅसिटरही 325 व्होल्टपर्यंत भरलेला असतो, त्याची वेगळी काळजी.

पुढचं काम त्यामानाने किरकोळ. मॉडेलचं सर्किट पाहून खात्री करायची आणि कॉइलचा प्लग पीसीबीवरून अलगद काढायचा. वायर कापायची नाही, म्हणजे उद्या मन बदललं तर प्लग परत बसतो. कॉइल मात्र जागेवरच राहू द्यायची, कारण तिच्या आसपासच्या चुंबकीय कड्या हलल्या तर रंग एकमेकांवरून सरकतात. मानेला जोर लागून काच तडकली, तर आतली निर्वात पोकळी संपते आणि टीव्हीही.

सुटा प्लग टेपने बांधून ठेवावा, आणि काय काढलं त्याची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवावी. पुढच्या मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.