तिहाई: तीनदा, पण समेवर
तबल्याच्या किंवा कथकच्या मैफलीत एकच बोलसमूह लागोपाठ तीनदा येतो आणि तिसऱ्या खेपेचा शेवटचा बोल नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो, ती तिहाई. नुसते तीनदा वाजवणे पुरत नाही; समेचा हिशेब हवाच. १६ मात्रांच्या तीनतालात तीन मात्रांचा बोलसमूह खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेवर उचलला, की तो अकराव्या आणि चौदाव्या मात्रेवर संपत तिसऱ्यांदा थेट समेवर येतो. मध्ये विश्रांती असेल तर दमदार, नसेल तर बेदम. गवयीही तानेच्या शेवटी तिहाई घेतात. ऊठसूट घेतली तर मात्र ती टाळ्यांसाठीच वाटते. तिहाईने संपणारा अख्खा तुकडाच तीनदा आला की चक्रदार: तिहाईचे बोल मग नऊ वेळा!