असईची रेषा

एप्रिल उजाडला की स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळच्या कलोडनच्या माळावर लोकांची रीघ लागते. १६ एप्रिल १७४६ रोजी तिथे हायलँडी सेना सरकारी फौजेपुढे तासाभराच्या आत मोडली. कुळांच्या नावांचे दगड आजही तिथे उभे आहेत. त्या पराभवानंतर ५७ वर्षांनी स्कॉटलंडच्याच ७४व्या आणि ७८व्या हायलँडर्स या दोन पलटणी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईत लढल्या. आता जिंकणाऱ्या सरकारचा झेंडा त्यांच्याच हाती होता.

२१ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांचे सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन बदनापूरला भेटले. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी भोकरदनकडे जायचे आणि २४ तारखेला मिळून मराठा फौजेवर हल्ला करायचा, असे ठरले. पण २३ तारखेलाच दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज वेलस्लीला समोर दिसली. स्टीव्हनसनची वाट न पाहता तो पुढे निघाला. खेळणा नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. त्याला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर दिसली. एवढ्या जवळच्या गावांमध्ये जा-ये असणारच, म्हणजे उतारही असणार, हा त्याचा तर्क खरा ठरला.

इंग्रजी पुस्तकांत या उताराचे कौतुक भरपूर आहे. तेवढेच कौतुक पुढच्या घडामोडीलाही मिळायला हवे. शत्रू बगलेवर येतोय हे कळताच पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती पायदळाने आपली अख्खी फळी काटकोनात फिरवली. डावे टोक असई गावाशी, उजवे खेळणेच्या काठाशी. ऐन लढाईच्या तोंडावर अशी फळी फिरवणे हे कसलेल्या पलटणींचेच काम.

शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी जो मार केला, तो वेलस्ली आयुष्यभर विसरला नाही. वाट चुकून थेट असई गावाच्या तोंडी गेलेल्या ७४व्या पलटणीत सुमारे ५०० माणसे होती. त्यांतली ४०० ठार किंवा जखमी झाली. दुसऱ्या टोकाला ७८वी आणि मद्रासच्या देशी पलटणी तोफांपर्यंत पोचल्या. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तिथेच पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. अखेर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्यांचे ४२८ ठार आणि हजाराहून अधिक जखमी झाले. वर्ष संपता संपता शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

नंतर असईचे नाव दूरदूर गेले. ७४व्या पलटणीला मानाचा जादा ध्वज आणि हत्तीचे चिन्ह मिळाले. १८८१ मध्ये ती हायलँड लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाली, तेव्हा हत्ती आणि ‘असई’ ही अक्षरे टोपीच्या बिल्ल्यावर गेली. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरही असईचाच हत्ती आहे. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीला, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईच आठवे. पडलेल्या गोलंदाजांची नावे मात्र कोणत्याही बिल्ल्यावर नाहीत.

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि असई त्यात आली. हे रण पाहायला फाल्गुन-चैत्र बरा. रब्बी निघालेली असते, नद्यांचे पाणी उतरलेले असते आणि खेळणा आणि जुई या नद्यांमधली चिंचोळी जमीन नीट कळते. बहुतेक वर्णने वाचकाला पिंपळगावच्या उतारावरून वेलस्लीच्या मागे नेतात. जालन्याच्या माणसाने असई गावापासून सुरुवात करावी, पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे आणि मग खेळणेच्या काठापर्यंत दक्षिणेला चालत जावे. मैलभराची ही वाट म्हणजेच शिंद्यांच्या तोफांची रेषा. शाळांच्या सहली इथे यायला हव्यात आणि मुलांना कोण कुठे उभे होते हे दाखवणारा मराठी नकाशा हाती मिळायला हवा.