रानवाटेचे वाहन (लेखांक सहावा) : मागच्या चाकाची उभी चाल

गेल्या लेखांकात डिफरन्शियलच्या रचनेचा विचार करताना आपण पाहिले की, ही यंत्रणा एका धुऱ्यावरील दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ वाटून देते, आणि म्हणूनच त्यांपैकी एक चाक हवेत लटकले की त्या निराधार चाकाला फिरविण्यास जेवढा नाममात्र पीळ पुरतो तेवढाच जमिनीवरच्या चाकाच्याही वाट्यास येऊन, इंजिनात सामर्थ्य असूनही गाडी जागच्या जागी खिळून राहते. या आपत्तीवर इलाज दोन : डिफरन्शियलला कुलूप घालणे, अथवा चाकाला जमीन सोडूच न देणे. कुलपाचा विषय मोठा आणि खर्चाचा, तो यथावकाश येईलच; आज दुसऱ्या इलाजाचा, आणि तोही मागच्या धुऱ्यापुरता, विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल मारुती जिप्सी घेऊ. 1985 च्या अखेरीस, सुझुकीच्या एसजे 410 या गाडीच्या धर्तीवर, गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेले हे वाहन पुढे तीन दशकांहून अधिक काळ लष्कराच्या, पोलिसांच्या आणि वनखात्याच्या दिमतीस राहिले, आणि सरकारी चाकरीतून निवृत्त होऊन लिलावात निघालेल्या गाड्या हौशी मंडळींच्या हाती पडल्यामुळे आज सह्याद्रीच्या घाटवाटांपासून, 2014 पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या चिखलापर्यंत सर्वत्र जिप्सी दिसते. वजन जेमतेम एक टन, दोन धुऱ्यांतील अंतर 2375 मिलिमीटर, पुढेमागे दोन्हीकडे अखंड धुरा, आणि चारही कोपऱ्यांत पाट्यांच्या स्प्रिंगा, असा हिचा सरळ, निष्कपट बांधा आहे. पाटे मात्र कमालीचे ताठर. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून ज्याने एखादा घाट उतरला असेल त्याला हे निराळे सांगावयास नको.

चाकाची उभी चाल म्हणजे चाक वर दाबले जाऊन बंप स्टॉपच्या रबरी ठोकळ्याला भिडेपर्यंतचे आणि खाली लोंबून शॉकअप पूर्ण ताणला जाईपर्यंतचे, असे दोन्ही मिळून अंतर. येथेच एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. गाडी उंच केली म्हणजे चाल वाढली, असे बहुतेक हौशी मंडळी धरून चालतात, आणि जाड, ताठ, अधिक बाकाचे पाटे बसवून उंच झालेल्या गाडीचा रुबाबही काही कमी नसतो. परंतु त्या रुबाबाचा आणि चालीचा संबंध पुष्कळदा उलटा असतो. समजा, एका मागच्या स्प्रिंगेवर 200 किलोचा भार आहे आणि ती दर मिलिमीटरला अडीच किलो या प्रमाणात दबते. तर गाडी स्थिर उभी असताना ती 80 मिलिमीटर दबलेली असणार, आणि चाक खड्ड्यात उतरू लागले की ती तेवढेच 80 मिलिमीटर उलगडेपर्यंत चाकाला जमिनीवर रेटीत राहणार. आता तिच्या जागी दर मिलिमीटरला चार किलो मागणारी ताठ स्प्रिंग घातली, तर हाच हिशेब 50 मिलिमीटरांवर येतो. गाडी उंच झाली, दिसावयास दांडगी झाली, आणि खड्ड्यातल्या चाकावरचा भार मात्र पूर्वीपेक्षा लवकर संपला! उलटपक्षी दोन किलोची मऊ स्प्रिंग 100 मिलिमीटरपर्यंत साथ देते. चाक किती खाली लोंबते याला महत्त्व नाही. लोंबताना त्यावर किती भार उरतो, याला आहे.

मागची दोन्ही चाके एकाच धुऱ्याला जखडलेली असल्यामुळे या हिशेबात एक गोष्ट आपल्या बाजूची असते. एक चाक दरडीवर आणि दुसरे ओढ्यात अशा अवस्थेत धुरा तराजूच्या दांडीप्रमाणे कलतो, आणि स्प्रिंगा चाकांपेक्षा आतल्या बाजूस असल्यामुळे चाकाची हालचाल स्प्रिंगेच्या हालचालीपेक्षा अधिक होते. दोन चाकांतील अंतर 1310 आणि दोन स्प्रिंगांतील अंतर 900 मिलिमीटर धरले, तर स्प्रिंग 80 मिलिमीटर हलली असता चाक सुमारे 116 मिलिमीटर हलते; म्हणजे एक वर व एक खाली मिळून दोन चाकांत 230 मिलिमीटरांहून अधिक उंचीचा फरक सामावतो. स्प्रिंगा जितक्या आत, तितका धुरा कलावयास मोकळा, आणि गाडी बाजूला झुकावयासही तितकीच मोकळी.

मऊपणा आणावयाचा कसा? पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा एक नियम पक्का लक्षात ठेवला तर मिस्त्रीच्या गॅरेजमधील निम्मे वाद आपोआप मिटतील. लांबी एक दशांशाने वाढविली की ताठरता जवळजवळ पाव हिश्शाने उतरते. आठ मिलिमीटर जाडीच्या एका पाट्याची ताठरता चार मिलिमीटर जाडीच्या आठ पाट्यांनी भरून निघते; पण तेवढ्याच वाकण्याला पातळ पाट्यातील ताण निम्माच राहत असल्यामुळे तो अधिक वाकू शकतो आणि अधिक काळ टिकतो. लांब आणि पातळ पाटे, संख्येने मात्र अधिक, हा मार्ग म्हणूनच श्रेयस्कर. त्याची किंमत म्हणजे पाट्यापाट्यांतील घर्षण : पाने वाढली की ती एकमेकांवर अडतात, आणि लहान खड्ड्यांवर स्प्रिंग हलतच नाही. पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनच्या चकत्या घातल्या आणि कडा घासून गोल केल्या की हे घर्षण पुष्कळ कमी होते. केवळ दोन पाटे काढून टाकून मऊपणा मिळविण्याचा जो स्वस्त प्रघात आहे, त्यात गाडी खाली बसते, वरची चाल खर्ची पडते आणि उरलेल्या पाट्यांवर नको तितका ताण येऊन मेन पाटा एखाद्या अवघड जागी तुटतो.

पाटा सपाट होताना लांबतो, बाक घेताना आखूडतो. ही घटबढ सामावून घेण्यासाठी जिप्सीच्या मागच्या पाट्याचे पुढले टोक चासीला पक्के आणि मागले टोक शॅकलला अडकविलेले असते. चाक खाली उतरते तेव्हा शॅकल पुढे ओढली जाते, आणि ती आधीच पुढे झुकलेली असेल तर थोडक्यातच तिची हद्द संपून पाटा अडकतो. लांब शॅकलने ही हद्द वाढते. मात्र 50 मिलिमीटर लांबीने गाडीची उंची 25 मिलिमीटरच वाढते, आणि पाटा मागे कलल्याने डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसमधील कोन समान राहिले तरच तो थरथरल्यावाचून फिरतो, यास्तव हे कलणे पाचरी घालून दुरुस्त करावे लागते. मधोमध बिजागरी असलेली, चाक लोंबले की उलगडणारी दुपदरी शॅकलही बाजारात मिळते. तिने फोटोत चाक फार खाली गेलेले दिसते हे खरे. परंतु ती उलगडते तीच मुळी स्प्रिंगेचा भार संपल्यावर, तेव्हा त्या चाकावर स्वतःच्या आणि धुऱ्याच्या वजनाखेरीज काही उरत नाही. असली शॅकल मी तरी कोणाला सुचविणार नाही.

जिप्सीचे पाटे मुळात धुऱ्याच्या खालून बांधलेले असतात. ते वर घेऊन धुरा त्यांच्या खाली आणला, की गाडी सुमारे सव्वाशे मिलिमीटर उंच होते, आणि खडकावर घासणारे यू-बोल्टही वर जातात. मूळचेच पाटे राहत असल्यामुळे स्प्रिंगेचा मऊपणा शाबूत राहतो आणि बंप स्टॉपपर्यंतचे अंतर वाढते, म्हणून वरच्या चालीत खरोखर भर पडते. हे परिवर्तन मला पसंत आहे, तथापि त्याचा एक दोष झाकण्यासारखा नाही. चढावर जोर देताच चाकाचा प्रतिपीळ धुऱ्याला उलटा फिरवू पाहतो. पाटा धुऱ्याच्या वर गेल्याने जमीन आणि पाटा यांतील अंतर वाढते, पाट्याला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण पडते, मग तो सुटतो, पुन्हा पिळतो, आणि मागची चाके चढावर उड्या मारू लागतात. धुऱ्यापासून चासीकडे जाणारा एक मजबूत दांडा हा पीळ रोखतो. पण त्याचे चासीकडील टोक शॅकलवर लटकते ठेवले नाही, तर जी चाल मिळविण्यासाठी खटाटोप केला तीच हा दांडा बांधून टाकतो.

एवढे करूनही, शॉकअप मूळचेच ठेवले तर सारा उद्योग व्यर्थ आहे. कारण बहुतेक गाड्यांत खालच्या चालीची सीमा पाटा नव्हे, शॉकअप ठरवितो. त्याची निवड अंदाजाने करू नये. मेन पाटा तेवढा ठेवून बाकीची पाने काढावीत, जॅकने एक चाक बंप स्टॉपला भिडेपर्यंत चढवावे, दुसरे लोंबू द्यावे, आणि शॉकअपच्या वरच्या व खालच्या खुंटीमधील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. मिटलेला शॉकअप लहानात लहान अंतरापेक्षा वीसएक मिलिमीटर आखूड हवा, म्हणजे धक्का ठोकळा घेईल, शॉकअप नव्हे. उघडलेला शॉकअप मोठ्यात मोठ्या अंतराला पुरावयास हवा. गोम अशी की, दांडा नळकांड्यातच मावावयाचा असल्यामुळे कोणताही सामान्य शॉकअप मिटलेल्या लांबीच्या दुपटीइतका उघडत नाही. जागा अपुरी पडली तर वरची खुंटी चासीवर आणखी वर न्यावी, किंवा शॉकअप तिरका करावा. मात्र 30 अंश कललेल्या शॉकअपची चाकापाशी जाणवणारी पकड उभ्याच्या सुमारे तीन चतुर्थांशच उरते.

याच मोजणीत, चाक लोंबलेले असताना, ब्रेकचा होज ताणला जातो काय, हातब्रेकची केबल आणि धुऱ्याच्या श्वासनळीची रबरी नळी पुरते काय, प्रोपेलर शाफ्टची सरकती नळी जोडातून निसटण्याच्या बेतात येते काय, हे पाहून घ्यावे. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असेल, तर उंच झालेल्या गाडीला तो रिकामी समजून मागचा ब्रेक ढिला ठेवतो. त्याचा दुवा नव्याने बसवावा लागतो. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत, आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळावेत.

काम फत्ते झाले की नाही हे ठरविण्याचे एक रूढ माप आहे : 20 अंशांच्या उतरणीवर एक चाक चढवीत जावे, दुसरे कोणतेही चाक उचलले जाताच थांबावे, उतरणीवर कापलेल्या अंतरास दोन धुऱ्यांतील अंतराने भागून हजाराने गुणावे. जिप्सी 1200 मिलिमीटर चढली, म्हणजे चाक सुमारे 410 मिलिमीटर उंच गेले, तर आकडा 505 येतो. परंतु केवळ मागचा धुरा सैल करून हा आकडा फुगविणे सोपे असले तरी घातक आहे. पुढचा ताठ आणि मागचा सैल असला की गाडीचा सांगाडा पुढच्या धुऱ्यामागे कलत जातो, मागचा धुरा आपल्या चालीच्या शेवटापर्यंत मुकाट्याने वळत राहतो, आणि ती सीमा येताच आडव्या उतारावर सांगाडा एकाएकी झुकतो. पूर्वसूचना न देणारी गाडी चालकाला नकोच. दोन्ही धुऱ्यांनी कलण्याचे काम वाटून घ्यावे. 1970 च्या रेंज रोव्हरने हा धडा रस्त्यावर आणि रानात सारखाच गिरविला : धुरे अखंडच, पण पुढेमागे दोन्हीकडे लांब चालीच्या मऊ गोल स्प्रिंगा, आणि धुऱ्याला जागेवर धरण्याचे काम निराळ्या दांड्यांकडे. पाट्यावर भार पेलणे, धुरा धरणे आणि पीळ सोसणे अशी तिहेरी जबाबदारी असते. ती तेथे विभागली गेली, म्हणून स्प्रिंग हवी तितकी मऊ करता आली.

राहता राहिला कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये नोंदणीतील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधील निकालात याच अर्थाला दुजोरा दिला. लांब पाटे बसविण्यासाठी धुरा मागे सरकवावा लागला, तर दोन धुऱ्यांतील अंतर बदलते, आणि ते अंतर नोंदणीच्या दाखल्यात लिहिलेले असते. तेव्हा असा बेत असणाऱ्याने पान्याला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात रीतसर चौकशी करावी, अथवा ती गाडी केवळ खाजगी मैदानावरील स्पर्धेसाठी राखून तेथवर ट्रेलरवरून न्यावी. शॉकअपच्या पोटातील तेलाचे व झडपांचे काम कसे चालते आणि मऊ पाट्यांना ते कसे जुळवून घ्यावयाचे, हे पुढील लेखांकी.