मेंदूतला गोंद आणि माइकची कुईऽऽ

मेंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर न्यूरॉन येतो. बारावीच्या बायोलॉजीतलं ते फांद्या फुटलेलं चित्र! पण न्यूरॉनच्या शेजारी आणखी एक जमात राहते, तिचं नाव ग्लिया. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे गोंद. १८५६ साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं. न्यूरॉन्सना एकत्र चिकटवून ठेवणारा मसाला, एवढाच तिचा मान. आज माहीत आहे की माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन्स असतात आणि इतर पेशीही जवळजवळ तेवढ्याच.

ग्लियापैकी चांदणीसारख्या दिसणाऱ्या पेशी म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट. न्यूरॉन्सना रसद पुरवायची, सांडलेली रसायनं उचलायची. थोडक्यात, आपले मेसवाले काका आणि सफाईच्या मावशी! न्यूरॉनसारखे विजेचे स्पाइक त्या काढत नाहीत, म्हणून त्यांना सगळे मुक्या समजायचे. पण १९९० मध्ये दिसलं की ग्लुटामेट नावाचं रसायन मिळताच त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात. १९९४ मध्ये दिसलं की त्या शेजारच्या न्यूरॉनला उलट निरोपही पाठवतात.

आता आपल्या सिलॅबसकडे वळूया. न्यूरॉनचं गणित हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं: चार डिफरन्शियल इक्वेशन्स. अ‍ॅस्ट्रोसाइटमधल्या कॅल्शियमचं सुटसुटीत मॉडेल १९९४ मध्ये ली आणि रिन्झेल यांनी दिलं. मग दोन्ही प्रकारची मॉडेल्स जोडली तर? २००३ मध्ये सुहिता नाडकर्णी आणि पीटर युंग यांनी तेच केलं. (नाडकर्णी यांची लॅब पुढे आपल्या पुण्यात, आयसरमध्ये सुरू झाली.)

त्यांचा लूप असा: न्यूरॉन फायर होतो, ग्लुटामेट सुटतं, अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शियम चढतं. ते सुमारे १९७ नॅनोमोलरच्या वर गेलं की न्यूरॉनला जादा करंट मिळतो. न्यूरॉन पुन्हा फायर! गंमत वेळेची आहे. स्पाइक एका मिलिसेकंदाचा, पण कॅल्शियमचा कारभार सेकंदांचा. म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट न्यूरॉनची हालचाल थोडा वेळ लक्षात ठेवते.

ग्लुटामेटला अ‍ॅस्ट्रोसाइट किती जोरात प्रतिसाद देते, हा या मॉडेलमधला नॉब. तो कमी असेल तर बाहेरचा इनपुट थांबवला की न्यूरॉन शांत होतो. एका मर्यादेपलीकडे फिरवला, तर इनपुट बंद करूनही न्यूरॉन आपला फायर होतच राहतो. गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर नेल्यावर कुईऽऽ होतं ना? तोच पॉझिटिव्ह फीडबॅक. हे अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं, एक कारण असू शकेल का, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न मला जवळचा वाटतो. माझ्या मामेबहिणीला फिट्स येतात. घरी कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल, आणि मग 'बाहेरचं' काही आहे का याची चर्चा. बाहेरचं काही नसतं हो, सगळं सर्किट आतलंच! साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी पूर्ण आटोक्यात येत नाहीत. म्हणून न्यूरॉनखेरीज दुसरा नॉब असेल, तर तो शोधायलाच हवा.

अर्थात मॉडेल म्हणजे पुरावा नव्हे. जिवंत मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइट खरंच असे निरोप देतात का, यावर शास्त्रज्ञांचं जोरदार भांडण झालं. २०२३ मध्ये दिसलं की सगळ्या नाही, पण काही अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेट सोडतात. म्हणजे मॉडेलमध्येही सगळ्यांना एकच नॉब लावून चालणार नाही.

ही समीकरणं आपल्या होस्टेलच्या पीसीवरही आरामात सुटतात. जरूर करून बघा. आणि विंगमध्ये कोणाला फिट आली तर कांदा-चप्पल शोधू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर वॉर्डन सरांना उठवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.