शरीरातली कंट्रोल सिस्टिम आणि बिघडलेल्या ग्रंथी

'कंट्रोल सिस्टिम्स हा विषय कुणाला आवडतो?' असं वर्गात विचारलं तर दोनच हात वर होतील, आणि त्यातला एक 'सर, लेक्चर संपलं का?' हे विचारण्यासाठी असेल! पण याच विषयातला फीडबॅक लूप आपल्या प्रत्येकाच्या अंगात चोवीस तास चालू असतो. तो बिघडला की होणारे काही आजार दुर्मिळ असतात, चटकन ओळखू येत नाहीत आणि उशीर झाला तर जीवावर बेततात. आमच्या घरात असा एक आजार आहे, म्हणून मी या विषयात शिरलो. मी डॉक्टर नाही, पण ब्लॉक डायग्रॅम काढता येतो. तेवढ्या भांडवलावर हा लेख!

गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतलं पाणी उतरलं की सेन्सर खाली निरोप देतो, स्टार्टर मोटर चालू करतो, टाकी भरली की मोटर बंद. शरीरात स्टार्टरचं काम मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी करते. थायरॉईड, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी, या झाल्या मोटरी. थायरॉईडला टीएसएच नावाच्या संप्रेरकाने हुकूम जातो, ॲड्रिनलला एसीटीएचने. ग्रंथीतून पुरेसं संप्रेरक रक्तात आलं की पिट्युटरी हुकूम कमी करते. यालाच आपण निगेटिव्ह फीडबॅक म्हणतो.

आता टाकी रिकामी आहे. दोष कुठे? स्टार्टर सतत मोटर चालवायला बघतोय आणि तरी पाणी नाही, म्हणजे मोटर गेली. स्टार्टरच गप्प बसलाय, म्हणजे दोष वर आहे. म्हणून हुकूम आणि पाणी, दोन्ही मोजावं लागतं. थायरॉईडचं टी-फोर कमी आणि टीएसएच वाढलेलं असेल तर थायरॉईड बिघडली. टी-फोर कमी असूनही टीएसएच वाढलेलं नसेल, तर संशय पिट्युटरीवर.

या दुसऱ्या प्रकारातला आपल्या खेड्यापाड्यांनी लक्षात ठेवावा असा आजार म्हणजे शीहान सिंड्रोम. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. डॉ. हॅरोल्ड शीहान यांनी 1937 साली याचं वर्णन केलं. बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थकवा जात नाही. बाळंतपणानंतर असं चालायचंच, म्हणून वर्षं निघून जातात. अशा वेळी नुसती टीएसएचची तपासणी केली तर आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो! स्टार्टरच बिघडलाय, तो काय ओरडणार?

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी आत्या काटेवाडीत राहते, शेतात राबणारी बाई. वर्षभरात तिचं वजन उतरत गेलं. उभं राहिलं की चक्कर, भूक नाही, पण भाकरीवर मीठ मात्र मागून घ्यायची. चेहरा आणि हात काळवंडले. उन्हातान्हात उसाची खुरपणी करणारी बाई, सगळे म्हणायचे, 'उन्हानं रापली.' अशक्तपणा म्हणून सलाईन लागायचं, दोन दिवस तरतरी यायची, पुन्हा तेच. सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच, आणि तिच्या शरीराला नेमकं तेच कमी पडत होतं!

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या आठवड्यात तिला साधे जुलाब झाले आणि ती बेशुद्ध पडली. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, तळहाताच्या रेषा पाहिल्या. दोन्ही काळ्या. ते एवढंच म्हणाले, "हिरड्यांना ऊन लागत नाही."

हा ॲडिसनचा आजार. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली तो जगापुढे मांडला. यात ॲड्रिनल ग्रंथी नष्ट होत जातात. कॉर्टिसॉल आणि शरीरात मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन, दोन्ही आटतात. पिट्युटरी बिचारी ओरडून ओरडून एसीटीएच पाठवत राहते, आणि तेच जास्तीचं एसीटीएच कातडीतल्या रंगपेशींना चाळवतं. म्हणजे तो काळेपणा हा सतत दाबून धरलेल्या स्टार्टरचा पुरावा!

पण संशय म्हणजे निदान नव्हे. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्री कमी असतं, त्यामुळे कधीही घेतलेल्या एका रीडिंगला अर्थ नाही. मग डॉक्टर आपल्यासारखंच स्टेप इनपुट देतात. एसीटीएचसारखं औषध 250 मायक्रोग्रॅम टोचतात आणि अर्ध्या व एक तासाने कॉर्टिसॉल मोजतात. म्हणजे स्टार्टरचं हिरवं बटण हाताने दाबून मोटर फिरते का बघायचं. आत्याची फिरली नाही. उलट संप्रेरक जास्त झाल्याचा संशय असेल, जसं कुशिंगच्या आजारात, तर रात्री अकराला 1 मिलीग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी शरीरात ते दबतं, आजारात दबत नाही. या शास्त्राचं सूत्र दोन ओळींत मावतं: कमी वाटलं तर ढकलून बघा, जास्त वाटलं तर दाबून बघा.

मोटर जळाली कशाने? आत्याच्या बाबतीत क्षयाने. ॲडिसनच्या काळात हेच मुख्य कारण होतं, आणि भारतात आजही ते विसरून चालत नाही. यात एक मेख आहे. क्षयावरचं रिफाम्पिसिन शरीरातल्या कॉर्टिसॉलची विल्हेवाट जलद लावतं, म्हणून स्टेरॉइडचा डोस वाढवावा लागतो. तसंच, कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी सुरू केली तरी रुग्ण कोसळू शकतो. लूप एकमेकांत गुंतलेले आहेत, एकाला हात लावताना दुसऱ्याकडे बघावं लागतं.

उपचार तसे सरळ. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला साधारण 15 ते 25 मिलीग्रॅम, मोठा भाग सकाळी, आणि मीठ टिकवायला फ्लुड्रोकॉर्टिसोन. खरी अडचण पुढे आहे. निरोगी माणसाला ताप आला तर लूप आपोआप कॉर्टिसॉल वाढवतो. आत्याचा लूप तुटलाय, आता कंट्रोलर ती स्वतः आणि घरचे! ताप आला की डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर लगेच इंजेक्शन. तिच्या पिशवीत आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड कायम असतं. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, एकादशी असो नाहीतर लग्न.

आणि हे फक्त दुर्मिळ रुग्णांपुरतं नाही. सांधेदुखी, दमा यांसाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेणारे आपल्या आसपास आहेत. काही जण तर लेबल नसलेल्या पुड्या घेतात, त्यात काय आहे ते देवालाच ठाऊक. टँकरने पाणी येत राहिलं की मोटर पडून पडून गंजते, तशा त्यांच्या ॲड्रिनल झोपतात. टँकर एकदम बंद झाला तर टाकी कोरडी! म्हणून अशी औषधं मनाने थांबवू नयेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावीत.

काही लूप जन्मतःच बिघडलेले असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली. दर 1130 बाळांत एकाची थायरॉईड जन्मतः कमजोर निघाली, तर दर 5762 बाळांत एकाला ॲड्रिनलचा जन्मजात दोष होता. टाचेतून रक्ताचा थेंब काढून फिल्टर पेपरवर वाळवला की तपासणी होते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झालं तर बाळाच्या बुद्धीची वाढ वाचते, राहिलं तर गेलेलं परत येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली, आणि त्याच्या यादीत जन्मजात थायरॉईड दोष आहे. घरात बाळ येणार असेल तर या तपासणीबद्दल जरूर विचारा.

थकवा, काळवंडणं, चक्कर यांची साधी कारणंच शंभरात नव्व्याण्णव वेळा खरी असतात. पण साधं कारण लागू पडत नसेल, सलाईनपुरतंच बरं वाटत असेल, ऊन न लागणारी जागाही काळी पडत असेल, तर म्हणा, 'डॉक्टर, एकदा सकाळचं कॉर्टिसॉल बघूया का?' व्हायव्हात उत्तर नाही आलं तर एटीकेटी मिळते. इथे प्रश्नच विचारला नाही, तर दुसरा अटेम्प्ट नसतो.